बर्फावर पायडलची गाडी: आधी बर्फ कोणता ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यातले मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचे पाच जण पायडलवर चालणारी बर्फावरची गाडी करायला निघालेत. पुढे स्की, मागे रबरी पट्टा. गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फातही ती चालली पाहिजे आणि लडाखमधल्या पँगाँगच्या गोठलेल्या तळ्यावरही. खर्च ६०,००० रुपयांच्या आत, आणि चाचणी इथेच, एप्रिलच्या आधी. शेवटी विचारलंय, "काका, जमेल का?"

हाव, जमेल. पण कागदावर काढलेली ही गाडी नाही जमणार. दुसरी जमेल, आणि ती तुमच्या पैशात बसेल.

मी फौजेत ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होतो. लडाखच्या वर्कशॉपात थंडीने जाम झालेल्या गाड्या सोडवण्यात बरीच उमेदीची वर्षं गेली. आता धुळ्यात फॅब्रिकेशन करतो: दिव्यांगांच्या तीनचाकी, मालवाहू सायकली, केळीच्या बागेतल्या ढकलगाड्या. तुमच्या प्रश्नात माझी दोन्ही कामं एकत्र आली, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर फाल्गुनातल्या गारपिटीत, आणि तो दिसला की केळीवाला डोक्याला हात लावतो. त्यामुळे बर्फ म्हणजे सगळा एकच, असं आपल्याला वाटतं. तिकडे तसं नाही. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, तिथे हिवाळ्यात भरपूर पडतो आणि ताजा असतो तेव्हा कापसाच्या गंजीत पाय जावा तसा पाय आत जातो. लेह ३,५०० मीटरवर, पण ते थंड वाळवंट. वर्षाचा सगळा पाऊस आणि बर्फ मिळून पाण्याच्या मापाने जेमतेम १०० मिलिमीटर. म्हणजे धुळ्यात एका जोरदार पावसात जेवढं पडतं तेवढं तिथे वर्षभरात. पडतो तो थोडा, वाऱ्याने दाबला जातो, रस्त्यावर गाड्यांच्या चाकाखाली कडक होतो, आणि नदी-तळी गोठून टणक होतात. या दोन ठिकाणांसाठी एकच गाडी करणं म्हणजे नांगर आणि बैलगाडी एकाच सांगाड्यात बसवणं. एक निवडा. माझं मत विचाराल तर दबलेला बर्फ आणि टणक बर्फ निवडा, ताज्या भुसभुशीत बर्फाचा नाद सोडा. का ते आता आकड्यांत बघू.

पहिला आकडा जमिनीवरच्या दाबाचा. टायरमध्ये जेवढी हवा, साधारण तेवढाच दाब टायर खाली देतो. साध्या सायकलीत ५० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. हे चाक ताज्या बर्फात सरळ पाती घातल्यासारखं उतरतं. चार इंची फॅट टायरमध्ये ५ पीएसआय ठेवली तर तोच दाब ०.३५ किलोवर येतो. आता माणूस बघा. ७५ किलोचा माणूस बूट घालून एका पायावर उभा राहिला, बुटाचा तळ २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब ०.३७ किलो. म्हणजे फॅट टायर आणि बूट बरोबरीचे. यातून हातात ठेवायचा नियम निघतो: जिथे बूट खोल रुततो तिथे फॅट टायरही रुततो, जिथे बूट वरच्यावर राहतो तिथे गाडी चालते. दोन लांब स्कींवर उभ्या माणसाचा दाब याच्याही दहाव्या भागाएवढा असतो, म्हणून स्कीवाला भुसभुशीतावर तरंगतो. तुम्हाला पट्टा सुचला तो यामुळेच. विचार चुकीचा नाही, फक्त तो पट्टा फिरवणार कोण याचा हिशेब केलेला नाही.

तो हिशेब असा. खेळाडू नसलेला, पण धडधाकट पोरगा तासभर टिकवू शकतो अशी ताकद १०० वॅटच्या आसपास. हे जळगावात. लेहच्या उंचीवर हवेचा दाब इथल्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे दम लवकर लागतो आणि ताकद पाचव्या हिश्शाने तरी घटते. राहिले ८०. चेन आणि बेअरिंग त्यातले थोडे खातात. चाकापर्यंत ७५ वॅट पोहोचले तरी खूप. स्नोमोबाइलचा (बर्फावर चालणाऱ्या इंजिनाच्या गाडीचा) पट्टा फिरतो तो कित्येक हॉर्सपॉवरच्या इंजिनावर, आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. तुमच्याकडे हॉर्सपॉवरचा दहावा हिस्सा आहे. रबरी पट्टा प्रत्येक रोलरवर वाकतो आणि सरळ होतो. थंडीत रबर ताठरतं, रोलरमध्ये बर्फ भरतो. पट्टा बनवायचाच हट्ट असेल तर मागची बाजू स्टँडवर उचला आणि हाताने पायडल फिरवून बघा. हवेत फिरवतानाच मनगट भरून आलं तर बर्फावर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता ओढ, म्हणजे गाडी पुढे न्यायला लागणारा जोर, मोजा. माणूस, जाड कपडे, गाडी, पाणी मिळून ११० किलो धरू, म्हणजे सुमारे १,०८० न्यूटन वजन. दबलेल्या बर्फावर फॅट टायरची ओढ वजनाच्या चार टक्के धरली तर ४३ न्यूटन. ७५ वॅटमध्ये वेग ताशी सव्वासहा किलोमीटर. शंभर मीटरला पाच मीटर चढ आला की ओढ ९७ न्यूटन होते आणि वेग ताशी पावणेतीन किलोमीटरवर येतो. मऊ बर्फात सपाटीवरच ओढ दहा टक्के झाली तर ताशी अडीच. त्यापेक्षा माणूस उतरून चालत पुढे जाईल. म्हणून म्हटलं, भुसभुशीताचा नाद सोडा.

हाच वेगाचा आकडा गाडीला चाकं किती तेही ठरवतो. ताशी पावणेतीनच्या वेगाने निसरड्यावर दोन चाकांचा तोल कसा सांभाळणार? अलास्कात १९८७ पासून इडिटाबाइक नावाची बर्फावरची शर्यत सुरू झाली. तिथल्या सायकलवाल्यांनी सुरुवातीला दोन-दोन रिमा शेजारी जोडून रुंद चाकं बनवली. आपल्या वेल्डिंगवाल्याला शोभेल असं काम! २००५ साली सर्ली कंपनीने पग्स्ली ही तयार फॅट बाइक बाजारात आणली आणि मग ती जगभर गेली. ती दोन चाकांची, दबलेल्या वाटेवर उत्तम. पण दक्षिण ध्रुवावर सायकलने सर्वांत आधी पोहोचल्या त्या ब्रिटनच्या मारिया लायरस्टॅम, २७ डिसेंबर २०१३ ला, आणि त्यांची गाडी तीन चाकांची होती: रेलून बसायची, पुढे दोन चाकं, मागे एक, सगळे टायर फॅट. १० दिवस १४ तास लागले. त्या दबलेल्या वाहतुकीच्या मार्गाने, लेव्हरेट हिमनदी चढून गेल्या. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे डॅनियल बर्टन दोन चाकांच्या फॅट बाइकवर दुसऱ्या, हजार किलोमीटरहून लांबच्या वाटेने पोहोचले. म्हणजे दोन्ही चालतं. पण चढावर रेंगाळलं तरी पडायचं नाही आणि आडव्या वाऱ्यात उभं राहायचं, हे तीन चाकांना जमतं. तुमच्यात कोणी सराईत सायकलपटू नाही, हे धरून मी तीनच सांगेन. तोटा एकच, पण मोठा: दोन चाकांच्या सायकलीत मागचं चाक पुढच्याने केलेल्या चाकोरीतून जातं, तीन चाकांत प्रत्येकाला स्वतःची वाट दाबावी लागते.

मग दोन चाकं पुढे की मागे? इथे मी लायरस्टॅम यांच्या गाडीपेक्षा वेगळं सांगतो. पुढे दोन आणि मागे एक केलं तर वळणावर गाडी छान बसते, पण ओढणाऱ्या एका चाकावर वजन येतं फार तर चाळीस टक्के, म्हणजे ४३० न्यूटन. दबलेल्या बर्फावर रबराची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी धरली तर ते चाक ८६ न्यूटन ओढू शकतं. वरच्या पाच टक्के चढाला ९७ हवेत. चाक जागेवर फिरणार. सगळं सामान मागच्या चाकावर लादून हे भागवता येतं. त्याऐवजी मागे दोन चाकं घेऊन दोन्ही ओढती केली, दोन-तृतीयांश वजन मागे ठेवलं, तर १४४ न्यूटन मिळतात आणि चढ निघतो. आपल्या रस्त्यावरच्या तीनचाकीचाच हा घाट आहे, त्यामुळे हात बसलेला आहे. वळणावर उलटू नये म्हणून सीट जमिनीपासून ४०-४५ सेंटिमीटरवर आणि मागच्या चाकांत मध्यापासून मध्यापर्यंत ७५ ते ८० सेंटिमीटर अंतर ठेवा.

मात्र सायकल रिक्षासारखं एकच मागचं चाक ओढतं ठेवू नका. डांबरावर चालून जातं, बर्फावर गाडी एका बाजूला ओढली जाते आणि तेच चाक घसरलं की संपलं. डिफरन्शियलच्याही (मोटारीत दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) भानगडीत पडू नका. तिथे एक चाक घसरलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते. मागचा एक्सल मधोमध दोन अर्ध्या शाफ्टांत करा, २० मिलिमीटरचा ईएन-८ पोलादाचा गज चालेल. प्रत्येक अर्ध्या शाफ्टवर एकेक साधं फ्रीव्हील (एकाच दिशेने ओढणारं, उलट दिशेने मोकळं फिरणारं दातेरी चक्र) बसवा आणि वरच्या मधल्या शाफ्टवरून दोन चेनने दोन्ही चालवा. सरळ जाताना दोन्ही चाकं ओढतात, वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि त्याचं फ्रीव्हील टिकटिक करत मोकळं सुटतं. दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही फ्रीव्हीलची तोंडं एकाच बाजूला, उजवीकडे, हवीत. डाव्या शाफ्टचं आरशातल्यासारखं उलटं बसवलंत तर ते पुढे ओढणारच नाही. आणि ब्रेकची डिस्क अर्ध्या शाफ्टवर किंवा चाकावर लावा, मधल्या शाफ्टवर नाही. तिथे लावलेला ब्रेक फ्रीव्हीलमुळे चाकापर्यंत पोहोचतच नाही. दिव्यांगांच्या गाड्या दुरुस्तीला येतात त्यांत ही दुसरी गोष्ट मी वारंवार बघतो.

गिअर. २६ बाय ४ चं, म्हणजे २६ इंची आणि चार इंच रुंद टायरचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.३ मीटर जातं. चढावर ताशी पावणेतीनला पाय मिनिटाला पन्नासने फिरायचे असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात गाडी मीटरभरच सरकली पाहिजे. चेनव्हील २२ दात्यांचं, मधल्या शाफ्टवर ११ ते ३६ दात्यांची कॅसेट (लहान-मोठ्या दातेरी चक्रांचा संच), तिथून पुढे १४ वरून २० च्या फ्रीव्हीलला. सगळ्यात हलका गिअर ०.४३ येतो, म्हणजे एका फेऱ्यात ९८ सेंटिमीटर. सगळ्यात जड गिअरला मिनिटाला साठ फेऱ्यांत ताशी साडेअकरा किलोमीटर. बर्फावर याहून जास्त वेग लागत नाही, उतारावर तर नकोच.

स्कीबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय, मी थोडक्यात आटपतो. पुढची स्की दबलेल्या बर्फावर ठीक चालते, टणक बर्फावर वळत नाही. हँडल वळतं, गाडी सरळच जाते. स्नोमोबाइलच्या स्कीखाली धातूची कड बसवलेली असते ती याचसाठी. शिवाय रस्त्यावर मधेच डांबर उघडं पडलेलं असतं, तिथे स्की म्हणजे घसरा ब्रेक. आणि उणे वीसच्या खाली बर्फ स्कीला वाळूसारखा अडतो, कारण घर्षणाने वितळून पाण्याचा जो पातळ थर व्हायचा तो होत नाही. पुढे चाकच ठेवा. जोडायची-काढायची छोटी स्की प्रकल्पात दाखवायचीच असेल तर तिचा तळ पॉलिथिनचा करा. खऱ्या स्कीचा तळही पॉलिथिनचाच असतो. जळगावात पाइपच्या कारखान्यांमुळे एचडीपीईचे (टणक पॉलिथिनचे) तुकडे कुठेही मिळतील. चिरून, गरम करून, फळीखाली सपाट दाबा. फक्त काळी एचडीपीईच घ्या. पीव्हीसी थंडीत काचेसारखी तडकते, तिचा एकही भाग या गाडीत नको, केबलच्या क्लिपासुद्धा.

टणक बर्फावर नुसतं रबर भागत नाही, खिळे लागतात. तयार खिळ्यांच्या टायरमध्ये टंग्स्टन कार्बाइडची टोकं असतात, ती टिकतात पण महाग पडतात. तुमच्यासाठी घरगुती उपाय आहे: अर्ध्या इंचाचे पत्र्याचे स्क्रू टायरच्या आतून बाहेर काढायचे, डोकी आत, टोकं टायरवरच्या रबरी गठ्ठ्यांच्या मधोमधून बाहेर दोन-तीन मिलिमीटर. आत जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवायची, नाहीतर पहिल्याच किलोमीटरला पंक्चर. एका टायरला दोनशेच्या पुढे लागतील. कार्बाइडपेक्षा मऊ असल्यामुळे डांबरावर झिजून जातात, म्हणून ते टायर तळ्यावर गेल्यावरच चढवा. पैसे कमी पडले तर आधी पुढच्या चाकाला खिळे लावा. मागचं घसरलं तर गाडी थांबते, पुढचं घसरलं तर हँडल हातात राहतं आणि गाडी दुसरीकडे जाते.

टायरच्या हवेचं एक गणित बहुतेकांना माहीत नसतं. जळगावात ३० अंशांत ५ पीएसआय भरून गाडी लेहला नेली, तर बाहेरची हवा विरळ असल्यामुळे खोलीत तीच हवा मीटरवर दहाच्या जवळ दिसेल. तीच गाडी उणे १५ मध्ये बाहेर काढली की सातवर येईल. म्हणून हवा तिथेच, गाडी बाहेर तासभर ठेवून, मग मापायची. आपल्या पंक्चरवाल्याच्या मीटरवर पाच आणि सातमधला फरक कळतच नाही; पंधरा पीएसआयपर्यंतचं छोटं मीटर वेगळं विकत घ्या.

थंडी सगळ्यात आधी कुठे पकडते? फ्रीव्हीलमध्ये. आतल्या कुत्र्यांना, म्हणजे दात्यात अडकणाऱ्या छोट्या खुंट्यांना, छोटी स्प्रिंग असते. ग्रीस घट्ट झालं की कुत्रं दात्यात पडत नाही, पायडल रिकामं फिरतं आणि माणूस चेन तुटली समजून चेन शोधतो. दोन्ही फ्रीव्हील आणि कॅसेटचा हब उघडा, कारखान्याचं ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, थंडीसाठीचं पातळ सिंथेटिक तेल टाका. हे तपासायला लडाखला जायची गरज नाही. कुल्फीवाला करतो तेच करा: बर्फाचा चुरा आणि जाडं मीठ, तीनास एक. नीट कालवलं तर हे मिश्रण उणे वीसच्या आसपास उतरतं. फ्रीव्हील प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन तास त्यात पुरा, काढल्या काढल्या कानाशी धरून फिरवा. टिकटिक स्पष्ट आणि चपळ हवी. आवाज दबका आला किंवा मधेच गळला तर तेल बदला आणि पुन्हा पुरा. ब्रेकची केबल, गिअरचा लिव्हर, सीटचे नट, सगळं याच बादलीतून जाऊ द्या. केबलच्या आवरणात पावसाचं पाणी राहिलेलं असेल तर ते गोठून केबल पकडेल, म्हणून नवी कोरडी केबल वापरा. ब्रेक तारेवरचा डिस्कचाच घ्या. रिमवर बर्फाचा थर बसला की रबरी गुटके नुसते घासत राहतात.

पायडल प्लास्टिकचं, रुंद, बर्फाचा बूट मावेल असं. लोखंडी पायडल बुटातून ऊब शोषून घेतं. आणि दोन्ही क्रँकमधलं (पायडलच्या दांड्यांमधलं) अंतर बूट चेनला घासणार नाही एवढं आहे का, ते बूट घालूनच बघा, चपलेवर नाही.

भार सोसण्याची चाचणी गिरणेच्या कोरड्या पात्रात घ्या. वाळू म्हणजे बर्फ नव्हे. बर्फ दाबला की घट्ट होतो, वाळू बाजूला सरकते, म्हणून वाळूतली ओढ जास्तच येईल. पण दोन टायरांची किंवा दोन हवांची तुलना करायला ती पुरते. गाडीवर माणूस बसवा, पुढे दोरी बांधून मधे स्प्रिंगचा काटा लावा आणि दुसऱ्याने सावकाश, एका चालीने ओढत न्या. काटा दहा किलोवर स्थिर असेल आणि चाल सेकंदाला एक मीटर असेल तर लागणारी ताकद जवळपास १०० वॅट. सपाट डांबर, ओली वाळू, कोरडी वाळू, आणि प्रत्येक ठिकाणी टायरमध्ये ५, ८, १२ पीएसआय, असा तक्ता करा. परीक्षकापुढे हा तक्ता रंगीत थ्रीडी चित्रापेक्षा जास्त बोलेल. खिळ्यांची चाचणी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून सावलीत फरशीवर रचून होते. तेवढी पुरे.

तिकडे गेलात तर पहिले दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही, पडून राहायचं, पाणी प्यायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि तरी "काही नाही हो" म्हणणारा पोरगा सगळ्यात धोक्याचा. तळ्यावर स्थानिक माणूस आणि प्रशासन हो म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. स्वच्छ टणक बर्फाची जाडी चालत्या माणसासाठी किमान दहा सेंटिमीटर सांगतात, पण पँगाँगचं पाणी खारं आहे आणि खाऱ्या पाण्याचा बर्फ तेवढ्याच जाडीला कमी मजबूत असतो. म्हणून जास्तच धरा, आणि पाचही जण एका जागी गोळा होऊ नका.

खर्चाचं सांगतो. नवे सुटे भाग शोधत बसू नका. स्वस्तातल्या दोन फॅट बाइक जुन्या बाजारात बघा. त्यांतून चार टायर, चार रिमा, डिस्क, केबल, हँडल, पुढचा चिमटा निघेल आणि एक चाक स्पेअर राहील. सांगाडा माइल्ड स्टीलच्या पाइपचा, नटबोल्टवर तीन तुकड्यांत सुटणारा करा, म्हणजे भुसावळहून रेल्वेने पार्सल करता येईल. पट्ट्याची ऑर्डर मात्र अजून देऊ नका. आधी काट्याचे आकडे पाठवा, मग शाफ्टची लांबी ठरवू.